थंड बुडाचा कॅथोड

आमच्याकडं वाळूजला येणारं बहुतेक काम म्हणजे गिअर, शाफ्ट, डाय, पंच. व्हॅक्यूम फर्नेसमध्ये चार्ज लावायचा, हार्डनिंग करायचं, टेम्परिंग करायचं, हार्डनेस चेक करून रिपोर्टसोबत गाडीत भरून द्यायचं. अधूनमधून ब्रेझिंगची कामं असतात, कार्बाईडचे टूल वगैरे. संभाजीनगरात ऑटोवाल्यांची एवढी गर्दी आहे की दुसरं काही शोधायची गरजच पडत नाही. पण आमच्या सरांना हौस. त्यांनी कुठूनतरी एक जुनी व्हॅक्यूम चेंबर स्वस्तात उचलली, टर्बो पंप बसवला, मागच्या बाजूला पार्टिशन टाकून एसीची खोली केली आणि वेबसाईटवर लिहून टाकलं की आम्ही हाय टेम्परेचर व्हॅक्यूम टेस्टिंग पण करतो. ते वाचून खरंच कुणी येईल असं निदान मला तरी वाटलं नव्हतं.

आले. दक्षिणेकडची एक छोटी कंपनी, सॅटेलाईटचे थ्रस्टर करणारी, नाव सांगत नाही. त्यांना हॉलो कॅथोडची थर्मल टेस्ट करून पाहिजे होती, त्यांची स्वतःची चेंबर थ्रस्टरच्या टेस्टमध्ये अडकलेली होती म्हणून बाहेर काम काढलं. पार्ट घेऊन जो इंजिनिअर आला तो निघाला नांदेडचा. प्रसाद म्हणू आपण त्याला. पहिले दहा मिनिटं तो माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलला, मग मी परभणीची म्हटल्यावर एकदम "अरे मग आधी सांगायचं की हो मॅडम" म्हणून जो सुटला तो सुटलाच.

शेखभाई आमचे फिटर, या धंद्यात माझ्या वयाएवढी वर्षं काढलेली. त्यांनी पेटीतून तो पार्ट बाहेर काढलेला बघितला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे एवढुसं नळकांडं घेऊन बेंगलोरहून माणूस आलाय व्हय?"

तर त्या नळकांड्याबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. हॉल थ्रस्टरमध्ये झेनॉन वायूचे आयन करतात आणि विजेच्या जोरावर बाहेर फेकतात, त्याच्या धक्क्यानं सॅटेलाईट हलतो. धक्का एकदम बारका असतो पण महिनोन् महिने देता येतो आणि इंधन फार कमी लागतं. आता हे आयन धन असतात. नुसते तेच बाहेर गेले तर सॅटेलाईटवर ऋण भार साठत जाणार आणि फेकलेले आयन तोच परत ओढून घेणार, म्हणून जेवढे आयन तेवढेच इलेक्ट्रॉन पण बाहेर सोडावे लागतात. शिवाय मुळात झेनॉनचे आयन करायलाही इलेक्ट्रॉनच लागतात. ही दोन्ही कामं करतो हॉलो कॅथोड. तो पेटला नाही तर बाकीचा थ्रस्टर कितीही भारी असू द्या, नुसतं वजन आहे.

आत काय असतं तर एक नळी, आमच्याकडं आलेली साडेसहा मिलिमीटरची होती, टॅंटलमची. नळीच्या तोंडाशी आत इमिटर बसतो, म्हणजे सच्छिद्र टंगस्टनची बारकी नळी, जिच्यात बेरियम, कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साईड मुरवलेले असतात. ती साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला तापवली की बेरियम पृष्ठभागावर येतं आणि इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. दुसरी एक जात लॅंथनम हेक्झाबोराईडची असते, तिला १५०० च्या वर लागतं पण ती दणकट, ऑक्सिजन-ओलाव्यानं लगेच खराब होत नाही. रशियन लोकांनी तीच वापरली. ही आमची बेरियमवाली. नळीवर बाहेरून हीटरची कॉईल, हीटरवर पातळ मॉलिब्डेनमच्या फॉईलचे वेढे, ती हीट शील्ड. एकदा आत प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनचा गरम वायू, पेटला की त्या प्लाझ्माच्याच उष्णतेवर इमिटर गरम राहतो आणि हीटर बंद करतात. म्हणजे हीटरचं काम फक्त सुरुवातीचं, पण ती सुरुवात प्रत्येक वेळी व्हायलाच पाहिजे.

(हीटर नसलेले कॅथोड पण आहेत बरं का. बेंगलोरच्या बेलाट्रिक्स कंपनीनं असा एक १ जानेवारी २०२४ ला पीएसएलव्हीच्या पोएम-३ वर, म्हणजे रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावरच चालणाऱ्या प्रयोगांच्या फळीवर, पाठवला होता. आणि इस्रोनं स्वतःच्या ३०० मिलीन्यूटनच्या प्लाझ्मा थ्रस्टरची १००० तासांची टेस्ट २०२५ मध्ये पूर्ण केली. त्याआधी २०१७ च्या जीसॅट-९ वर इलेक्ट्रिक प्रोपल्शन होतंच. हे सगळं प्रसादनं चहा पिता पिता सांगितलं, मला आधी यातलं काही माहिती नव्हतं.)

तापमानाचा एवढा बाऊ कशासाठी, तर इलेक्ट्रॉन किती सुटणार हे तापमानावर भयंकर अवलंबून असतं. रिचर्डसनचं समीकरण आहे त्याचं, कॉलेजात पाठ केलेलं आणि विसरलेलं. या बेरियमवाल्या इमिटरला ११०० च्या आसपास ५० अंश कमी मिळाले की इलेक्ट्रॉन निम्म्याच्याही थोडे खाली येतात. बरं मग जास्त तापवून ठेवा म्हणाल, तर बेरियम लवकर उडून जातं, ढोबळ हिशोब असा सांगतात की ४० एक अंश वाढले की आयुष्य अर्धं. आणि आयुष्य म्हणजे किती लागतं? अमेरिकेच्या डीप स्पेस-१ यानाचा स्पेअर आयन थ्रस्टर त्यांनी ३० हजार तासांच्या वर चालवला, त्यानंतरचा नेक्स्ट नावाचा ५१ हजार तासांच्या वर. आमच्या फर्नेसची कॉईल एवढी टिकली तर सर पेढे वाटतील.

आमच्याकडं काम होतं सोपं. दोन कॅथोड, एकाच ड्रॉइंगचे. आत खरा इमिटर नव्हता, त्याच मापाचा डमी होता, वायू पण सोडायचा नव्हता. नुसतं व्हॅक्यूममध्ये हीटर लावायचा, टोकाला ११०० अंश आणायचे आणि त्याला किती वॅट लागतात ते मोजायचं. टोकाला टंगस्टन-रेनियमचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तारांची जोडी, आणि बुडाशी, म्हणजे नळी जिथं फ्लॅंजमध्ये, स्क्रूनं आवळायच्या कड्यात बसते तिथं, साधा के टाईप.

पहिल्या कॅथोडनं ४८ वॅट घेतले. त्यांच्या हिशोबाशी जुळलं, प्रसाद खूश. त्याच्यावर थर्मल सायकल पण करून झाल्या, म्हणजे हीटर चालू, गरम, एकदम बंद, गार, परत चालू.

दुसऱ्यानं ५७ मागितले.

आता नऊ वॅट म्हणजे घरातला एक एलईडी बल्ब, कुणाला काय फरक पडतो. पण सॅटेलाईटवर हीटरला किती वॅट द्यायचे ते आधीच ठरलेलं असतं, पॉवर सप्लायचा डबा त्या हिशोबानं बनवलेला असतो. ४८ वरच थांबलो तर दुसऱ्याचं टोक १०३० च्याही खाली अडकत होतं. सत्तर अंशाची तूट, म्हणजे इलेक्ट्रॉन साधारण एक तृतीयांश. पेटेल का नाही याची खात्री नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. पहिला संशय नेहमीप्रमाणे थर्मोकपलवर, म्हणजे आमच्यावर. खिडकीतून पायरोमीटर लावून बघितलं, तो लांबूनच उजेडावरून तापमान सांगतो, टोकाच्या धातूची एमिसिव्हिटी, म्हणजे तो किती जोरानं रेडिएशन फेकतो तो आकडा, टाकून, खिडकीची काच पुसून, दोन्ही पार्टला सारखंच. दोन्हीकडं थर्मोकपल आणि पायरोमीटर एकमेकांशी जुळत होते. म्हणजे मोजमाप बरोबर, उष्णताच जास्त जात होती. हीटरच्या कोल्ड रेझिस्टन्समध्ये पण फरक नव्हता.

व्हॅक्यूममध्ये उष्णता पळायला रस्ते दोनच. एक रेडिएशन, गरम पृष्ठभागावरून सरळ बाहेर, आणि दुसरं कंडक्शन, नळीतून खाली फ्लॅंजमध्ये आणि तिथून आमच्या वॉटर कूल्ड प्लेटमध्ये. हवाच नाही म्हटल्यावर तिसरा रस्ता नाही. आणि प्रसादचा ठाम संशय हीट शील्डवर. त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. ११०० अंशावरचा पूर्ण काळा पृष्ठभाग दर चौरस सेंटीमीटरमागे २० वॅट फेकतो, शील्ड आहे म्हणून ते आटोक्यात राहतं. फॉईलचा एकेक वेढा वाढत गेला तसं रेडिएशन कमी होत जातं, पण अट अशी की वेढे एकमेकांना टेकायला नाही पाहिजेत. म्हणून फॉईलला बारीक बारीक टिंबं उठवतात, तेवढ्याच जागी टेकावं म्हणून. गुंडाळणाऱ्यानं जरा हात आवळला की टिंबं दबतात, वेढे चिकटतात, आणि चार वेढ्यांचा एक जाड वेढा होऊन बसतो. हे काम हातानं होतं, त्यामुळं दोन पार्टमध्ये फरक पडूच शकतो.

आणि त्याचा दुसरा पुरावा बुडाचा थर्मोकपल. पहिल्या कॅथोडचं बूड ५२० अंशाला होतं. दुसऱ्याचं १८०. प्रसाद म्हणाला, "बघा ना मॅडम, खाली थंडंय. म्हणजे खाली काही जात नाहीये. जे जातंय ते शील्डमधूनच."

मला ते ऐकताना बरोबर वाटलं आणि तरी कुठंतरी खटकत होतं. पण कस्टमर तो, ड्रॉइंग त्याचं, आणि फॅक्टरीत असं असतं की खटकतंय एवढ्या भांडवलावर कुणी वाद घालत नाही. त्याच्या वरच्यांशी फोन झाला आणि ठरलं की आज शेवटचं एकदा ११०० ला होल्ड करून डेटा घ्यायचा, मग हळूहळू उतरवायचं आणि उद्या शील्ड कापून बघायची. कापायची म्हणजे कापायचीच, कारण मॉलिब्डेनम एकदा एवढं तापलं की त्याची आतली कणरचना बदलते आणि थंडावल्यावर फॉईल ठिसूळ होते, उलगडायला गेलं की तुकडे. शील्ड गेली की कॅथोड गेला, परत सगळं त्यांच्याकडं, परत गुंडाळणं, महिनाभर तरी गेलाच. शेखभाईंना लई जीवावर आलं होतं. त्यांनी स्वतः स्पॉट वेल्डिंगमध्ये आयुष्य काढलंय, दुसऱ्याच्या हातचं नीट काम कापायचं म्हटल्यावर ते चिडचिड करत होते.

मे महिना. बाहेर बेचाळीसच्या वर, शेडचा पत्रा तापून आत भट्टी, फर्नेसवाल्या पोरांनी डोक्याला ओले गमछे बांधलेले. आम्ही तिघं आपले एसीच्या खोलीत, बाकीच्यांच्या शिव्या खात. साडेतीनला टोक ११०० ला पोचलं, होल्ड चालू झाला. खिडकीतून तो केशरी ठिपका दिसत होता. चारच्या सुमारास अंधारून आलं, वारा सुटला, पत्रे वाजायला लागले. वळीव. वाळूजला वळीव आला की लाईट जाणारच, त्यात नवीन काही नाही. शेखभाई उठून डीजीकडं, म्हणजे जनरेटरकडं, निघाले, तेवढ्यात गेलीच.

सगळा आवाज एकदम बंद. रोटरी बंद, चिलर बंद, एसी बंद. गेट व्हॉल्व्ह स्प्रिंगनं खटकन बसला, तो तसाच बनवलेला असतो, लाईट गेली की चेंबर आपोआप सील. टर्बोचं चाक आत तसंच फिरत राहतं बराच वेळ, त्याची बारीक शीळ तेवढी ऐकू येत होती. हीटर अर्थात शून्य. प्रसादनं कपाळाला हात लावला. "गेला होल्ड." हळूहळू उतरवायचं ते राहिलंच, ११०० वरून एकदम सुटला.

कॉम्प्युटर आणि डेटा लॉगर मात्र यूपीएसवर. ते एसीच्या आधी घेतलेलं आहे, सरांची अक्कल. अंधारात स्क्रीन चालू आणि दोन रेषा खाली उतरायलेत, टोकाची आणि बुडाची. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी बघत बसले. गेज पण त्याच यूपीएसवर, प्रेशर दहाच्या उणे सहाव्या घातातून हळूहळू उणे चौथ्यापर्यंत चढलं, पण तेवढ्या विरळ हवेतून उष्णता जाण्यासारखी काही नसते, त्यामुळं रेषांवर भरवसा ठेवता येत होता.

टोकाची रेषा झपकन पडली, ते अपेक्षितच. पण ३०० च्या खाली आल्यावर पण ती पडतच राहिली. मला आठवत होतं की पहिल्या कॅथोडला त्या टप्प्यावर किती वेळ लागायचा, कारण थर्मल सायकलच्या वेळी पुढची सायकल सुरू करायला आम्ही तिथंच कंटाळून बसायचो, शेखभाई तेवढ्यात बाहेर जाऊन विडी ओढून यायचे. हा तर विडी पेटवायच्या आत उतरला.

पहिल्याची फाईल कॉम्प्युटरमध्ये होतीच. लॉगर आम्ही कधी बंद करत नाही, चेंबर उघडेपर्यंत चालूच असतो, म्हणून पहिल्याच्या प्रत्येक सायकलची थंड होतानाची रेषा नोंदलेली होती, फक्त ती कुणी कधी बघितली नव्हती कारण मागितलेले होते वॅट. दुसऱ्याला मात्र आजपर्यंत नेहमी हळूहळू उतरवलेलं, हीटर चालू ठेवून, त्यामुळं त्याची सुट्टी रेषा आत्ता पहिल्यांदाच मिळाली होती. एक्सेलमध्ये दोन्ही एकावर एक टाकल्या. उभा अक्ष लॉग केला, टोकाच्या तापमानातून प्लेटचं तापमान वजा करून, म्हणजे नुसतं कंडक्शन उरलं की रेषा सरळ दिसते.

सुरुवातीला, म्हणजे ११०० पासून खाली पहिलं अर्धं-पाऊण मिनिट, दोन्ही रेषांत फारसा फरक नाही. मग हळूहळू फाटत गेल्या. शेवटी दोन सरळ रेषा, दोन वेगळ्या उतारांच्या, दुसऱ्याचा उतार दीडपटीच्याही वर.

मी प्रसादला म्हटलं, इकडं या जरा.

हे असं का महत्त्वाचं ते सांगते. रेडिएशन जातं केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातानं. ११०० अंश म्हणजे १३७३ केल्विन. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ४१३ अंश सेल्सिअसला आलात की रेडिएशन सोळाव्या हिश्श्यावर. कंडक्शन तसं नाही, ते तापमानाच्या फरकाच्या सरळ प्रमाणात, फरक निम्मा तर कंडक्शन निम्मं. म्हणजे गरम असताना रेडिएशनची चलती, आणि गार होत आलं की उरतं फक्त कंडक्शन. शील्ड खराब असती तर दोन रेषा वरच्या बाजूला फाटल्या असत्या आणि खाली येऊन समांतर झाल्या असत्या. इथं उलटं. वर जवळपास जोडीनं, फाटल्या त्या खाली. म्हणजे शील्ड चांगली आहे, गळती फ्लॅंजच्या बाजूला आहे.

प्रसादनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "पण बूड थंड होतं ना मॅडम. १८०."

तेव्हा मला कळलं की माझं काय खटकत होतं. म्हटलं, अहो नालीत पाणी तुंबलेलं दिसतं ते कुठं, जिथं पुढं जायला जागा नाही तिथं. पाणी दिसत नाही म्हणजे पाणी येत नाही असं थोडंच आहे, पुढं सरळ वाहून जातंय म्हणून दिसत नाही. पहिल्याचं बूड ५२० ला होतं कारण फ्लॅंजच्या जोडात उष्णता अडत होती. दुसऱ्यात ती अडतच नाहीये.

तो वहीवर आकडे मांडायला लागला, मोबाईलच्या टॉर्चमध्ये. टोकापासून बुडापर्यंत तीच नळी, तीच जाडी, तीच लांबी, दोन्हीकडं सारखी. पहिल्यात टोक ते बूड फरक ५८० अंश. दुसऱ्यात ९२०. म्हणजे नळीतून खाली जाणारी उष्णता दुसऱ्यात दीडपटीच्या वर. टॅंटलमची कंडक्टिव्हिटी टाकून वॅट काढले तर पहिल्यात साडेचौदाच्या आसपास, दुसऱ्यात तेवीस. फरक साडेआठ. आम्ही शोधत होतो नऊ. हे दोन आकडे आमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर पहिल्या दिवसापासून छापलेले होते. थंड म्हणजे सेफ, असं डोक्यात बसलेलं असतं, त्याला कोण काय करणार. मला वाटतं तापमान मोजणं सोपं झाल्याचा हा तोटा आहे, थर्मोकपल लावला की आकडा येतो आणि आकडा आला की उष्णता कळली असं वाटायला लागतं, पण उष्णता कुठून कुठं चाललीये हे एका आकड्यातून कधीच कळत नाही, दोन लागतात आणि मधलं सामान काय आहे तेही माहिती लागतं.

डीजी लागला, लाईट आले, पण त्या दिवशी परत हीटर लावलाच नाही. पंप चालू केले आणि चेंबर रात्रभर गार होऊ दिली.

सकाळी उघडलं. बाहेरून दोन्ही फ्लॅंज हुबेहूब सारखे. प्रसाद ड्रॉइंग घेऊन एकेक माप तपासायला लागला, सगळं टॉलरन्समध्ये. शेखभाई फ्लॅंजचे स्क्रू सोडत होते, एकदम थांबले आणि म्हणाले, "ताई, बसवताना मी बोललो होतो, याचा स्क्रू एक आटा कमी बसतोय." बोलले होते खरं. प्रसादनं तेव्हा "चलता है भाई" म्हटलं होतं, कारण टॉर्क बरोबर आला होता. एक आटा म्हणजे अर्धा मिलिमीटर. म्हणजे मध्ये अर्धा मिलिमीटर काहीतरी आहे.

कॅथोडची नळी आणि फ्लॅंज वेगळे केले तर मध्ये एक काळी-करडी चकती. शेखभाईंनी बोट फिरवलं, बोट काळं. ग्राफाईटची गॅस्केट, ती लवचिक फॉईलवाली. ड्रॉइंगमध्ये नाही, पहिल्या कॅथोडमध्ये नाही.

प्रसादनं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडं त्यांचा असेंब्लीवाला, सरळ माणूस, लपवाछपवी काही नाही. म्हणाला की दुसरा पीस हीलियम लीक टेस्टला फेल जात होता, बुडाच्या जोडातून वायू निसटत होता, म्हणून ग्राफाईटची रिंग टाकली, लीक बंद झाला, पास केला. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. झेनॉन महागाचा वायू, तो सांडला तर कॅथोडच्या आत प्रेशर बसणार नाही. आणि ग्राफाईट व्हॅक्यूममध्ये त्या तापमानाला काही बिघडत नाही. मेकॅनिकल माणसाला त्यात खोट दिसणार नाही.

पण व्हॅक्यूममधला कोरडा धातूचा जोड ही फार चमत्कारिक गोष्ट आहे. दोन फेस कितीही ग्राईंड करा, ते खरं टेकतात फक्त बारीक बारीक उंचवट्यांवर, बाकी सगळी फट. बाहेर हवेत त्या फटीत हवा असते, ती थोडीफार उष्णता नेते. व्हॅक्यूममध्ये फटीत काहीच नाही. त्यामुळं जोड नुसता स्क्रूनं आवळलेला असला तरी उष्णतेला तो चांगलाच अडवतो, आणि यांच्या सगळ्या हिशोबात त्या अडवण्यावर मदार होती, कुणी ते कागदावर लिहिलं नव्हतं एवढंच. ग्राफाईटची मऊ चकती आली, तिनं सगळे उंचवटे-खळगे भरून काढले. वायूची गळती बंद आणि उष्णतेची चालू.

चकती काढली, कोरडा जोड परत आवळला, वायू सोडायचा नव्हताच त्यामुळं लीकची फिकीर नाही. संध्याकाळपर्यंत ११०० ला ४९ वॅट. बूड पाचशेच्या थोडं वर.

गंमत म्हणजे त्यानंतर वाद दुसराच सुरू झाला. प्रसादच्या वरिष्ठ मॅडम व्हिडिओ कॉलवर आल्या, त्यांचं म्हणणं की बूड थंड असलेलं वाईटच असं नाही. बूड पाचशेला म्हणजे फ्लॅंजजवळचं इन्सुलेशन, वायर, गॅस लाईनचा जोड सगळंच गरम राहणार, हजारो तास. आणि एकदा कॅथोड पेटला की प्लाझ्मा आपली उष्णता आपण आणतो, तेव्हा थोडी गळती असली तर इमिटर जास्त तापत नाही. त्याला उत्तर म्हणून प्रसादचं म्हणणं, गळती फार असली तर प्लाझ्मा ती भरून काढायला व्होल्टेज वाढवतो, व्होल्टेज वाढलं की आयन जास्त जोरात आदळतात आणि तोंडाचं भोक झिजतं. मी आणि शेखभाई ऐकत होतो. दोघांचंही खरं होतं. शेवटी त्यांनी मधला रस्ता काढला: बुडाशी सिरॅमिकचा वॉशर, ज्याची उष्णता अडवण्याची ताकद आधी मोजून हिशोबात धरायची, आणि वायूचं सील त्या जोडावर ठेवायचंच नाही, गॅस लाईन नळीला पुढं थंड बाजूला ब्रेझ करून टाकायची. ब्रेझिंग म्हटल्यावर सरांचे कान टवकारले. ते काम पण आम्हालाच मिळालं.

जाताना प्रसादला औंढ्याला जायचं होतं, हिंगोलीला, नागनाथाचं दर्शन आणि लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडायच्या वेधशाळेची, जागा दोन्ही एकदम. चार चार किलोमीटरचे व्हॅक्यूमचे पाईप येणार आहेत तिथं, आपल्या मराठवाड्यात. शेखभाई म्हणाले, "तिथं लीक शोधायला कोण जाणार, ते बघा आधी."

तेव्हापासून आमच्याकडं व्हॅक्यूममध्ये जे काही तापतं त्याला शेवटी एकदा सप्लाय कट करून मोकळं थंड होऊ देतो आणि ती रेषा जपून ठेवतो, हार्डनिंगच्या फिक्स्चरला पण. त्यातून दोन ठिकाणी ढिले क्लॅम्प सापडले. सरांनी तर कोटेशनमध्ये 'कूलिंग कर्व्ह' म्हणून वेगळी लाईन टाकलीये, जीएसटीसकट.